मेंदूतील निरोप्ये



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. प्रार्थना संपून मुले ओळीने वर्गाकडे निघाली होती. आठवीचा एक विद्यार्थी एकाएकी खाली पडला. हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले, तोंडाला फेस आला. मुले घाबरून मागे सरली. कोणी म्हणाले, चप्पल हुंगवा. कोणी डब्यातला कांदा काढला. दातखीळ उघडावी म्हणून एकाने चमचा मागवला. हे सगळे चालले असतानाच दोन-अडीच मिनिटांत झटके आपोआप थांबले. थोड्या वेळाने मुलगा शुद्धीवर आला आणि त्याने वर्गशिक्षकांना पहिला प्रश्न विचारला, "सर, आता मला शाळेतून काढणार का?"

दुपारी त्याचे आईवडील आले. दोन वर्षांपासून मुलाला मिरगीचा त्रास होता, पण प्रवेश मिळणार नाही या भीतीने त्यांनी तो शाळेला कळवला नव्हता. गोळीने झोप येते आणि तिमाही परीक्षा तोंडावर आली, म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी गोळीही बंद केली होती. मुलगा रोज रात्री एक वाजेपर्यंत चहा पिऊन अभ्यास करत होता.

त्या आईवडिलांना आम्ही काय दोष देणार? त्यांना शाळेची भीती वाटत होती आणि शाळेतल्या आम्हा मोठ्या माणसांना मिरगीची. मेंदूत त्या दोन मिनिटांत नेमके काय घडते हे दोन्हीकडे ठाऊक नव्हते. म्हणून त्यांच्या संमतीने, मुलाचे नाव न देता, हा लेख लिहीत आहोत.

पेशी की कोशिका?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आपली मुलेही घरी मराठी बोलतात आणि बाहेर हिंदीत विज्ञान ऐकतात. हिंदीत जिला 'कोशिका' म्हणतात तिला मराठीत 'पेशी' म्हणतात आणि हिंदीतली 'पेशी' म्हणजे मराठीतला स्नायू. त्यामुळे हिंदी पुस्तकातली 'तंत्रिका कोशिका' आणि मराठी पुस्तकातली 'चेतापेशी' एकच. इंग्रजीत तिलाच न्यूरॉन म्हणतात. आपण या लेखात चेतापेशी म्हणू.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येकीला झाडाच्या फांद्यांसारखे निरोप घेणारे तंतू असतात आणि निरोप पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. निरोप या लांब तंतूतून विजेच्या लहरीच्या रूपाने जातो. काही तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत असतो. पण पुढच्या पेशीपाशी पोचल्यावर एक अडचण येते. दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते.

ही फट किती लहान? एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. या जागेला सिनॅप्स किंवा संपर्कस्थान म्हणतात. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल म्हणत की चेतापेशी सुट्या सुट्या असतात. इटलीचे कामिल्लो गोल्जी म्हणत की त्या सगळ्या मिळून एक अखंड जाळे आहे. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले, तरी त्यांचा वाद मिटला नाही. पुढे काहाल यांचे म्हणणेच मुख्यतः बरोबर ठरले.

घाट, नाव आणि पैलतीर

आपण सहलीला महेश्वरला जातो. बस गावापर्यंत जाते, पुढे घाट येतो. पलीकडे नावडाटोलीला जायचे तर नावेत बसावे लागते. मेंदूतला निरोपही असाच जातो. तंतूच्या टोकापर्यंत तो विजेने येतो आणि मधली फट रसायनाच्या नावेने ओलांडतो.

तंतूच्या टोकाशी अतिशय लहान थैल्या असतात. त्यांत विशिष्ट रसायने भरलेली असतात. वीज टोकाशी पोचली की काही थैल्या फुटून रसायन फटीत सांडते आणि सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात पलीकडच्या पेशीला भिडते. तिथे त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात, कुलपात किल्ली बसावी तशा. किल्ली बसली की पलीकडच्या पेशीला निरोप मिळतो. या रसायनांना शास्त्रीय मराठीत चेतापारेषक म्हणतात. आम्ही वर्गात त्यांना निरोप्ये म्हणतो.

निरोप पोचला की निरोप्याने फट मोकळी करायला हवी, नाहीतर तोच निरोप पुन्हा पुन्हा वाजत राहील. म्हणून काही निरोप्यांचे तिथेच तुकडे केले जातात, काही परत आत ओढून घेतले जातात. ही साफसफाई किती महत्त्वाची आहे ते शेतावरच्या विषबाधेत दिसते. अनेक कीटकनाशके ॲसिटिलकोलिन नावाच्या निरोप्याची सफाई करणारे विकर बंद पाडतात. मग लाळ सुटते, दम लागतो, स्नायू फडफडतात आणि श्वास बंद पडू शकतो. घरात किंवा शेतावर अशी औषधे असतील तर ती मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशीच ठेवावीत.

बेडकाची दोन हृदये

निरोप रसायनाने जातो हे सिद्ध कसे झाले? ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर लिहिला आणि सकाळी उठून पाहतात तर स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी ते लिहीत बसले नाहीत, उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी बेडकाची दोन हृदये दोन पात्रांत ठेवली. एकाची चेता शाबूत होती. तिला विजेचा सौम्य धक्का दिल्यावर त्या हृदयाचे ठोके मंदावले. मग त्या हृदयातला द्रव घेऊन दुसऱ्या हृदयाला दिला. दुसऱ्या हृदयाच्या चेतेला कोणी हात लावला नव्हता, तरी त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे त्या द्रवात काहीतरी उतरले होते. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला. ते 'काहीतरी' पुढे ॲसिटिलकोलिन निघाले. १९३६ साली लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना नोबेल मिळाले. विद्यार्थ्यांनी यातून एवढे जरूर घ्यावे की अक्षर वाचता येईल असे काढावे.

ॲक्सिलरेटर आणि ब्रेक

आज अनेक निरोप्ये माहीत आहेत. पण मेंदूचे रोजचे काम मुख्यतः दोघांवर चालते. ग्लुटामेट पुढच्या पेशीला 'चल' म्हणतो, तर गाबा 'थांब' म्हणतो. एक गाडीचा ॲक्सिलरेटर, दुसरा ब्रेक. तुम्ही हा परिच्छेद वाचत असताना दोघेही अखंड कामावर आहेत.

गंमत अशी की मेंदू ब्रेक तयार करतो तो ॲक्सिलरेटरपासूनच. ग्लुटामेटचा एक भाग काढला की गाबा तयार होतो आणि या कामाला ब-६ जीवनसत्त्व लागते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही तान्ह्या बाळांना अचानक झटके येऊ लागले. ती सगळी एका प्रकारच्या डब्यातल्या दुधावर वाढत होती. तयार करताना दिलेल्या उष्णतेने त्या दुधातले ब-६ नष्ट झाले होते. बाळांना ब-६ दिले आणि झटके थांबले. बाळांवर कोणाची दृष्ट नव्हती, कोणाचा कोप नव्हता. ब्रेक तयार करायला लागणारी एक वस्तू कमी पडली होती.

मिरगी, फेफरे, फिट, अपस्मार ही एकाच आजाराची नावे आहेत. या आजारात मेंदूतला एखादा पेशीसमूह, किंवा कधी सगळा मेंदू, काही क्षण एकाच तालात अनावर वीज सोडू लागतो. ॲक्सिलरेटर दाबलेला राहतो आणि ब्रेक पुरा पडत नाही. हात हलवणाऱ्या भागात हे घडले तर हात झटके देतो. सगळीकडे पसरले तर माणूस पडतो. काही मुलांमध्ये झटका मुळीच येत नाही. मूल दहा-पंधरा सेकंद एकटक शून्यात बघत राहते आणि मग काही घडलेच नाही असे पुढे लिहू लागते. अशा मुलांना आपण 'लक्ष नाही' म्हणून रागावतो. शिक्षकांनी आणि पालकांनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

कारणे अनेक आहेत: जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा, डोक्याला मार, आनुवंशिकता, मेंदूज्वर. आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे. डुकरातल्या फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून पोटात जातात आणि मेंदूत त्यांच्या गाठी होतात. म्हणून पूर्ण शाकाहारी घरातही हे होऊ शकते. कोथिंबीर, मुळा, गाजर नीट धुऊन खावे आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. कित्येक रुग्णांच्या बाबतीत तपासूनही कारण सापडत नाही.

औषधे काय करतात? काही गाबाचे काम बळकट करतात, काही विजेच्या अनावर लहरी आवरतात. योग्य निदान आणि उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हे औषध रोज, वेळेवर घ्यावे लागते. अनेक दिवस बाहेरून आधार मिळालेल्या ब्रेकचा आधार एकदम काढला तर गाडी पूर्वीपेक्षाही जोरात उधळते. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले असावे. गोळी बंद, झोप कमी आणि परीक्षेची धास्ती, असे तिन्ही एकदम. गोळीने झोप येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. आपण होऊन बंद करू नये.

मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. "लग्न कसे जमणार?" या धास्तीने मुलीचा आजार दडवला जातो, कधी उपचारही टाळले जातात. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात मिरगीचा उल्लेख विवाहाच्या आड येणारी गोष्ट म्हणून होता. १९९९ साली संसदेने तो शब्द कायद्यातून काढून टाकला. कायदा बदलून एवढी वर्षे झाली, आता आपण बदलायचे बाकी आहे.

आजोबांच्या हाताचा कंप

निरोप्ये बिघडल्याने होणारा दुसरा आजार आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा, कंपवात किंवा पार्किन्सन. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. यात मेंदूच्या तळाकडील एका काळसर भागातल्या चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. या पेशी डोपामिन नावाचा निरोप्या तयार करतात आणि हालचाल सुरू करायला, ती सफाईने व्हायला डोपामिन लागतो. तो कमी पडला की हात कापतो, पाऊल लहान पडते, अक्षर बारीक होत जाते, चेहरा मख्ख दिसतो. आजोबा रागावलेले नसतात. हसण्याचा निरोप चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत वेळेवर जात नसतो.

हे कळले कसे, याची सुरुवात आपल्याच देशातल्या एका वनस्पतीपासून होते. सर्पगंधा आपल्याकडे पूर्वापार औषधात वापरतात. बिहारकडे तिला 'पागल की दवा' असेही म्हणत. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे जगापुढे मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले गेले. पुढे असे दिसले की रेसरपिन दिलेले प्राणी निश्चल होऊन बसतात. कारण ते निरोप्यांच्या थैल्या भरू देत नाही. नावा घाटावर उभ्या, पण रिकाम्या.

स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली अशा निश्चल सशांना एल-डोपा दिले. एल-डोपापासून मेंदू डोपामिन बनवतो. थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. १९६० साली व्हिएन्नात कंपवाताने वारलेल्या रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन फारच कमी असल्याचे आढळले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एल-डोपा हे कंपवातावरचे औषध म्हणून स्थिर झाले आणि आजही मुख्य औषध तेच आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. आणि हेच एल-डोपा दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच खाजकुइलीच्या बियांतून वेगळे करून दाखवले होते. खाजकुइली म्हणजे ज्याला आपण इथे केवाँच किंवा कौंच म्हणतो तीच.

हे वाचून कोणी आजोबांची गोळी बंद करून कौंचाचे चूर्ण सुरू करू नये, ही हात जोडून विनंती. बियांमध्ये औषध किती आहे याचे माप नसते. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर अपाय होतो. एल-डोपानेही मेलेल्या पेशी परत येत नाहीत. ते फक्त उणीव भरून काढते. म्हणून ते वेळच्या वेळी घ्यावे लागते आणि घरच्यांनी थोडा धीर धरावा लागतो. आजोबांना शर्टाची बटणे लावायला पाच मिनिटे लागत असतील तर पाच मिनिटे द्यावीत.

उदासीनतेबद्दलही विचारले जाते. 'सेरोटोनिन कमी झाले म्हणून मन खचले' असे सरळ गणित आता तज्ज्ञ मांडत नाहीत. निरोप्यांबरोबर झोप, परिस्थिती, आनुवंशिकता, आघात असे बरेच काही त्यात असते. पण तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, एवढे निश्चित. "मन घट्ट कर" म्हटल्याने ताप उतरत नाही, तशी उदासीनताही जात नाही.

परीक्षेच्या रात्रीचा चहा

आता विद्यार्थ्यांसाठी. दिवसभर जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते 'आता झोप' असा निरोप देते. चहा-कॉफीतले कॅफिन त्याच्या कुलपात जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. निरोप अडतो, थकवा मात्र तसाच राहतो. चहा ओसरला की तो सगळा एकदम अंगावर येतो. दिवसा वाचलेले पक्के बसवण्याचे काम मेंदू झोपेत करतो. म्हणून रात्री दोनपर्यंत जागून वाचलेली दहा पाने आणि दहा वाजता झोपून पहाटे वाचलेली पाच पाने यांत आम्ही पाच पाने निवडू. ज्याला मिरगी आहे त्याच्यासाठी तर पुरेशी झोप औषधाइतकीच गरजेची आहे.

शाळेने काय ठरवले

आमच्या प्रवेश अर्जात 'विद्यार्थ्यास काही रोग आहे काय?' असा एक रकाना होता. तो वाचून कोणीही पालक 'नाही' असेच लिहील. हा दोष आमचा. आता तिथे असे लिहिले आहे: 'आपल्या पाल्याची नीट काळजी घेता यावी म्हणून शाळेला काय ठाऊक असावे? या माहितीचा प्रवेशाशी संबंध नाही.' ही माहिती वर्गशिक्षक आणि प्राचार्य यांच्यापुरतीच राहील.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की वर्षातून एकदा सर्व शिक्षक, शिपाई आणि बसचालक यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन असतो, तोच दिवस त्यासाठी ठरवता येईल.

तोपर्यंत सर्वांनी एवढे पाठ करावे. फिट आल्यास:

१. घड्याळ पाहा. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात.
२. आजूबाजूच्या टणक, टोकदार वस्तू दूर करा. डोक्याखाली दप्तर किंवा स्वेटर ठेवा. गळ्याजवळचे बटण सैल करा.
३. झटके चालू असताना हातपाय दाबून धरू नका.
४. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. चप्पल, कांदा यांचा काही उपयोग नाही.
५. शक्य होताच एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ घशात जाणार नाही.
६. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, शुद्धीवर न येता पुन्हा आला, पाण्यात आला, मार लागला किंवा पहिल्यांदाच आला असेल तर लगेच १०८ला फोन करून रुग्णालयात न्या.
७. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कोणीतरी शेजारी बसा आणि गर्दी हटवा.

शेवटचे काम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शुद्धीवर येणाऱ्या मुलाला पहिल्यांदा काय दिसते, हे आपल्या हाती असते.

तो विद्यार्थी आता नववीत आहे. गोळी रोज रात्री नऊला घेतो, दहाला झोपतो. त्या पावसाळ्यानंतर त्याला एकदाच झटका आला, तोही वर्गात. मुलांनी बाके सरकवली, एकाने घड्याळ पाहिले, एकाने आपले दप्तर त्याच्या डोक्याखाली दिले आणि दोघे शिक्षकांना बोलवायला धावले. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, "गणिताचा तास संपला का?" मुले हसली आणि तोही हसला.

यंदाच्या गणेशोत्सवात तो लेझीम पथकात दुसऱ्या ओळीत आहे. पालकांनी अवश्य यावे.